अण्णांचा आवाज आता उरलेला नाही, पण माझी धास्ती गेलेली नाही

ओसरी (ऐरोली) | शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार. या समूहात मी गेली चार वर्षे केवळ वाचक म्हणून आहे. आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. विषय घरातला असल्यामुळे लिहिताना संकोच वाटतो, पण कोणाशी तरी बोलल्यावाचून आता निभणार नाही.

माझे वय ४३. बालपण नौपाड्यातल्या एका चाळीत, दोन खोल्यांच्या घरात गेले. माझे वडील, म्हणजे अण्णा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरीला होते. मी सात वर्षांची असताना तो कारखाना बंद पडला. देणी मिळायला कित्येक वर्षे लागली आणि त्या काळात अण्णांचा स्वभाव पार पालटला, असे आई सांगत असे. मला मात्र पालटण्याआधीचे अण्णा आठवतच नाहीत. त्यांनी मला आयुष्यात कधी एक चापटसुद्धा मारली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचून कोणालाही वाटेल की घरात मारहाण होत असावी. ते ओरडत असत. आमटीत मीठ कमी पडले, दाराबाहेरची चप्पल वाकडी राहिली, शाळेच्या वहीवर शाई सांडली, तर शेजारच्या खोल्यांतले बोलणे थांबावे इतक्या मोठ्या आवाजात ते ओरडत आणि त्यानंतर आठ-आठ, दहा-दहा दिवस अबोला धरत. त्या दिवसांत आई आणि मी आवाज न करता भांडी घासायला शिकलो. संध्याकाळी सात वाजून गेले की मी अभ्यास सोडून दाराच्या कडीकडे कान लावून बसत असे. कडी एकदाच आणि हळू वाजली, तर जेवण शांतपणे पार पडणार. दोनदा आपटली, तर नाही. इतका बारीक हिशेब मी नवव्या वर्षी करत होते.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. अण्णा आता ७९ वर्षांचे आहेत, त्यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात आहे, आणि गेली दोन वर्षे ते माझ्याकडे राहतात. या आजारात हातापायांप्रमाणे आवाजही क्षीण होत जातो, हे मला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. त्यांनी पाणी मागितले, तरी ऐकण्यासाठी मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागतो. ज्या आवाजाला मी बालपणभर भ्यायले, तो आवाज आता या जगात नाही. तरीही शेजारच्या घराचे सेफ्टी डोअर जोरात लागले की माझे खांदे वर चढतात, पोटात गोळा येतो आणि हातातले काम तसेच राहते. मागच्या आठवड्यात माझे यजमान फोनवर कोणाशी तरी चढ्या आवाजात बोलत होते, तेव्हा मी स्वयंपाकघराचे दार आतून लावून ओट्याला टेकून उभी राहिले. दार उघडले, तर समोर माझी दहा वर्षांची मुलगी उभी होती. तिने विचारले, ‘आई, तू कोणाला घाबरलीस?’ मला उत्तर देता आले नाही.

नातेवाईक म्हणतात, ‘झाले गेले गंगेला मिळाले, आता त्यांना माफ करून टाक, म्हणजे तुझेच मन हलके होईल.’ मी प्रयत्न केला, पण जमले नाही. माझे दोन प्रश्न आहेत. ज्या घरात कधी हात उगारला गेला नाही, तिथे जे घडले त्याला मानसिक आघात म्हणता येते का? आणि क्षमा केल्यावाचून माणसाला बरे होताच येत नाही का?

रातराणी (घोडबंदर रस्ता) | शनिवार, रात्री ११.५५

ओसरीताई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. माझी आजी अशा अवस्थेला ‘पोरीने धसका घेतलाय’ असे म्हणायची. हाय खाणे, जिव्हारी लागणे, धडकी भरणे हे सगळे शब्द आपल्या बायकांच्या बोलण्यात कितीतरी पिढ्यांपासून आहेत. तेव्हा हे दुखणे बाहेरून आलेले नाही. धसका ‘घेतला’ जातो आणि मग तो अंगात राहतो, इतके तर त्या शब्दातच आहे.

जुने ठाणेकर | रविवार, सकाळी ७.१०

ताईंविषयी पूर्ण आदर ठेवून वेगळे मत मांडतो. माझे वय ७४. आमच्या लहानपणी बहुतेक घरांत वडिलांचा धाक असे, शिक्षक छडीने मारत, आणि त्याबद्दल कोणी कोणाकडे दाद मागत नसे. ज्या माणसाची नोकरी चाळिशीच्या आत-बाहेर गेली, घरात खाणारी तोंडे होती आणि ज्याची हक्काची देणी वर्षानुवर्षे अडकली होती, त्याच्या रागामागेही काही होते याचा विचार व्हायला हवा. प्रत्येक दुखावलेपणाला आघात म्हणायला लागलो, तर ज्यांच्यावर खरोखर आभाळ कोसळले त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द उरणार नाही. अण्णा आज परस्वाधीन आहेत. त्यांना या वयात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून ताईंना शांती मिळेल, असे मला वाटत नाही.

दीपमाळ (नेरूळ) | रविवार, दुपारी ३.३०

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून गेली १७ वर्षे काम करते आहे. चार परिच्छेद वाचून कोणाचेही निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. ओसरीताईंच्या पहिल्या प्रश्नाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तो मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारते, आणि बहुधा अशाच अपराधी स्वरात विचारते.

आपण ‘आघात’ हा शब्द घटनेसाठी वापरतो, म्हणून घटना पुरेशी मोठी होती की नव्हती यावर वाद सुरू होतो. उपचार करणारा मात्र घटना सरल्यावर माणसात काय शिल्लक राहिले ते पाहतो. एकाच अपघातातून वाचलेल्या लोकांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपसूक सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र तो प्रसंग संपतच नाही. आघातोत्तर ताणविकार हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये आपल्या अधिकृत यादीत घेतले. त्यामागे व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता आणि त्यामुळे पुष्कळ वर्षे हा विचार युद्ध, बलात्कार, अपघात, भूकंप अशा एकेका भीषण घटनेभोवती फिरत राहिला. ज्यांना निघून जाण्याची सोय नाही, अशा नात्यांत वर्षानुवर्षे दहशतीखाली राहिलेल्यांचे काय होते, हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ठामपणे पुढे आणला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यात ‘गुंतागुंतीचा आघातोत्तर ताणविकार’ स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. प्रसंग पुन्हा आत्ताच घडतो आहे असे वाटणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे आणि सतत धोक्याची चाहूल घेत राहणे या लक्षणांच्या जोडीला तिथे आणखी तीन गोष्टी पाहिल्या जातात: भावना आवरता न येणे, आपण मुळातच कमी प्रतीचे किंवा दोषी आहोत ही घट्ट समजूत, आणि जवळची नाती टिकवताना होणारी ओढाताण. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांवरचा फेलिटी आणि आंडा यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या यादीत घरातला सततचा अपमान आणि धाकदपटशा यांची गणना मारहाणीच्या बरोबरीने केलेली आहे. असे अनुभव जितक्या अधिक प्रकारचे, तितके मोठेपणी नैराश्याचे आणि काही शारीरिक आजारांचेही प्रमाण अधिक आढळले. हा निष्कर्ष समूहाविषयी आहे. त्यावरून एका व्यक्तीचे भविष्य कोणी वाचू नये.

आता कडीबद्दल. मेंदूत अमिग्डाला नावाचा एक लहानसा भाग धोका ओळखण्याच्या कामात पुढे असतो. आपण विचार करून काही ठरवण्याआधीच तो शरीराला सूचना देतो, मग हृदयाची गती वाढते, स्नायू ताठ होतात, पचन मागे पडते. पोटात गोळा येतो तो याच गडबडीत. ‘हे कधी घडले, कुठे घडले’ याची नोंद लावण्यात हिप्पोकॅम्पस या दुसऱ्या भागाचा मोठा वाटा असतो आणि तीव्र भीतीत ही नोंद नीट लागत नाही. म्हणून दाराचा आवाज ‘१९९१ साली नौपाड्यात’ अशा तारखेसह आठवत नाही, तो आजचाच म्हणून ऐकू येतो. अण्णांचा आवाज बारीक झाला आहे हे ताईंच्या बुद्धीला पक्के ठाऊक आहे, पण ते नऊ वर्षांच्या त्या मुलीला अजून कोणी सांगितलेले नाही. कडीवरून रात्रीचा अंदाज बांधणारी ती मुलगी दुबळी नव्हती. त्या घरात सुरक्षित राहण्याचा तिच्या हातातला तो एकमेव उपाय होता आणि तिने तो उत्तम रीतीने वापरला. गरज संपल्यावरही तो चालू राहिला, हे आजचे दुखणे आहे.

जुने ठाणेकर काकांचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. प्रत्येक दुखावलेपण म्हणजे आघात नव्हे, आणि समाजमाध्यमांवर हा शब्द फार स्वस्त झाला आहे. शिक्षकाची छडी बसलेली असंख्य मुले पुढे सुखाने जगली, कारण घरी आल्यावर त्यांना जवळ घेणारे कोणीतरी होते. मुलाला भीती वाटते तेव्हा ते ज्याच्याकडे धाव घेते, त्याचीच भीती वाटू लागली तर त्याने जायचे कुठे, इथे फरक पडतो.

एक सावधगिरीची सूचना. ‘सगळे एकदा मोकळेपणाने बोलून टाक, म्हणजे संपेल’ असा आग्रह कोणी धरू नये. मोठ्या दुर्घटनेनंतर लोकांना लगेच एका बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत एके काळी रूढ होती. २००२ च्या एका विस्तृत आढाव्यात तिचा उपयोग दिसला नाही, उलट काहींना त्रास अधिक झाल्याचे आढळले. आधी झोप, जेवण, आधाराची माणसे आणि भीती उसळली असता शरीर शांत करण्याची एखादी सवय एवढे जागेवर आले, की मगच जुन्या आठवणींना हात घालायचा असतो.

खाडीकाठ (कळवा) | रविवार, रात्री ९.४५

दीपमाळताईंनी एका घटनेचा आघात आणि वर्षानुवर्षांचा आघात असा भेद केला आहे. माझा पहिल्या प्रकारचा होता, तरी उपचाराच्या खोलीत नेमके काय होते हे समजल्यास ओसरीताईंची भीती कमी होईल, म्हणून लिहितो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी २४ वर्षांचा होतो आणि कुर्ल्याहून चालत कळव्याकडे निघालो होतो. छातीपर्यंत पाणी होते. आम्ही अनोळखी सात-आठ जण हातांची साखळी करून चाललो होतो. माझ्या मागे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांचा हात माझ्या हातातून सुटला. पुढे त्यांचे काय झाले ते मला कधीच कळले नाही. मी दुसऱ्या दिवशी घरी पोहोचलो, आठवड्याभरात कामावर गेलो, लग्न केले, मुलगा झाला. पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला की मात्र मी उठून दिवे लावत असे. दर जूनमध्ये झोप जायची. कोणी विचारले, तर पित्त झाले आहे असे सांगायचो. अशी सहा वर्षे गेली.

शेवटी मी ज्या तज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी पहिल्या दोन भेटींत फक्त हे सगळे कसे चालते ते समजावून सांगितले. त्यानंतर डोळे मिटून, वर्तमानकाळात, तो प्रसंग सुरुवातीपासून सांगायचा, आणि त्याचे ध्वनिमुद्रण घरी रोज ऐकायचे असा क्रम होता. प्रत्येक भेट दीड तासाची, अशा बारा भेटी झाल्या. पहिल्या दोन वेळा सांगताना मला शर्ट बदलावा लागला इतका घाम आला. चौथ्या वेळी सांगताना मी जे बोललो, ते आधी कधीच बोललो नव्हतो: त्या गृहस्थांच्या हाताला चिखल लागलेला होता आणि त्यांचा हात निसटला. सहा वर्षे मी स्वतःला ‘मी त्यांचा हात सोडला’ असे सांगत आलो होतो. एका क्रियापदाचा फरक आहे, पण त्यावर माझे सगळे आयुष्य अडलेले होते. तो प्रसंग मला आजही पूर्ण आठवतो आणि त्या गृहस्थांसाठी वाईटही वाटते. पाऊस सुरू झाला की मी आता फक्त खिडकी लावतो.

ओसरी (ऐरोली) | सोमवार, रात्री १०.३०

सर्वांचे मनापासून आभार. खाडीकाठ दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. जुने ठाणेकर काका, तुमचा राग आला नाही. अण्णांच्या रागामागे काय होते ते मलाही कळते. कारखान्याच्या गेटवर मागण्यांसाठी बसून घरी येणारा माणूस मी पाहिला आहे. पण त्यांचे दुःख समजल्याने माझ्या पोटातला गोळा विरघळत नाही, हीच तर माझी अडचण आहे. आणखी एक गोष्ट कबूल करते. त्यांना भरवताना त्यांचा हात थरथरून वाटी सांडली की माझ्या मनात क्षणभर, अगदी क्षणभर, ओरडण्याची इच्छा होते. मग रात्रभर मला स्वतःची किळस वाटते. हेही याच दुखण्याचे अंग आहे का?

निवडुंग (कोपरखैरणे) | मंगळवार, सकाळी ८.१५

मी व्यवहाराचे लिहितो, कारण बहुतेकांचे पाऊल तिथेच अडते. खासगी समुपदेशनाची दर आठवड्याची फी सर्वांना परवडत नाही. केंद्र सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. माझ्या बहिणीने रात्री दोन वाजता फोन केला होता आणि तिचे नीट ऐकून घेतले गेले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे भरती न होता तपासणी करून घेता येते. हे रुग्णालय १९०१ पासून आहे आणि त्याच्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य महाराष्ट्रभर टिंगल म्हणून वापरले जाते. ठाण्यातच वाढलेल्या माझ्या आईने केवळ त्या वाक्याच्या भीतीने दहा वर्षे स्वतःचे नैराश्य लपवले, म्हणून ते वाक्य कोणी उच्चारले की मी तिथेच थांबवतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. मात्र पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची तरतूद आहे की नाही ते आधी वाचून घ्यावे, कारण समुपदेशनाच्या भेटी त्यातच मोडतात. आणि झोप येत नाही म्हणून ओळखीच्या औषधवाल्याकडून गोळ्या आणू नका. या त्रासावर सर्ट्रालिनसारखी औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात, ती वेगळी. नुसत्या गुंगीच्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

पारसिक | मंगळवार, रात्री ११.५०

हा प्रतिसाद लिहू की नको, याचा मी दोन दिवस विचार केला. मी ६८ वर्षांचा आहे आणि माझ्या मुलाच्या बालपणी मी ओसरीताईंच्या अण्णांसारखा होतो. माझी नोकरी गेली नव्हती, त्यामुळे माझ्याकडे तेवढेही कारण नाही. माझे वडील तसे होते आणि घर असेच चालवायचे असते, अशी माझी समजूत होती. मुलगा अभ्यासात हुशार निघाला, परदेशी गेला, आणि मी लोकांना सांगत असे की माझ्या शिस्तीमुळे तो घडला. तो दिवाळीला फोन करतो आणि आईशी बोलतो. माझ्याशी दोन मिनिटे, हवापाण्याचे. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत तो घरी आला असताना मी खुर्ची जरा जोरात सरकवली आणि ३८ वर्षांचा तो पुरुष दचकून उभा राहिला. त्याने लगेच हसून सावरून घेतले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

गेल्या वर्षी मी त्याला पत्र लिहिले. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक परिच्छेदात ‘पण’ आले होते: मी ओरडलो, पण तुझ्या भल्यासाठी, मी बोललो नाही, पण मलाही ताण होता. पत्नीने ते वाचून परत दिले. दुसऱ्या पत्रात मी फक्त मी काय केले ते लिहिले. सहावीत गणितात कमी गुण मिळाले म्हणून तुझी चित्रांची वही मी बंबात घातली, आणि त्या चित्रांत आपल्या घराचे एक चित्र होते हे मला आठवते, असे लिहिले. क्षमा मागितली, पण ‘क्षमा कर’ असा आग्रह केला नाही, कारण ते पुन्हा हुकूम सोडल्यासारखे झाले असते. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. त्याने ते द्यायलाच हवे असे मी समजत नाही.

ओसरीताई, अण्णा तुम्हाला हे कदाचित कधीच सांगू शकणार नाहीत. त्यांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. तुम्ही नवव्या वर्षी कडी मोजत होता हे एका बापाने वाचले आणि ते खरे मानले, एवढे कळावे म्हणून लिहिले.

रातराणी (घोडबंदर रस्ता) | बुधवार, सकाळी ६.४०

पारसिक काका, तुमचे पत्र माझ्या वडिलांकडून यायला हवे होते. ते गेले. तुम्ही इथे लिहिलेत याबद्दल कृतज्ञ आहे.

दीपमाळ (नेरूळ) | बुधवार, दुपारी २.००

ओसरीताईंचा दुसरा प्रश्न राहिला होता, आणि सोमवारची कबुलीही.

क्षमा ही बरे होण्याची अट नाही. माझ्याकडे येऊन पुष्कळ सुधारलेल्या व्यक्तींपैकी काहींनी क्षमा केली, काहींनी केली नाही, काहींनी तो विषयच बाजूला ठेवला. बरे होणे, क्षमा करणे आणि आजारी बापाची सेवा करणे ही तीन वेगळी कामे आहेत. आपल्या घरांत ती एकाच गाठोड्यात बांधली जातात आणि मग मुलीला वाटू लागते की मनापासून क्षमा केली नाही, तर आपली सेवाही खोटी. ताई अण्णांना वेळेवर औषध देतात, त्यांच्या तोंडाशी कान नेऊन पाणी विचारतात. ही सेवा पूर्ण खरी आहे. क्षमेचा हिशेब उघडा ठेवून ती करता येते. लवकर केलेली क्षमा पुष्कळदा अबोल्याचेच दुसरे रूप असते, कारण तिच्यामुळे मुलीचे बोलणे पुन्हा एकदा थांबते.

वाटी सांडल्यावर येणाऱ्या रागाविषयी सांगते. ज्या घरात चुकीला एकच प्रतिसाद होता, तिथे वाढलेल्या माणसाच्या अंगात तो प्रतिसाद आधी उठतो. तो उठला म्हणून तुम्ही अण्णा होत नाही. उठल्यानंतर तुम्ही जे करता, म्हणजे वाटी उचलता आणि पुन्हा भरवता, ते तुमचे आहे. तरीही जिथे जखम झाली त्याच माणसाची चोवीस तास शुश्रूषा केल्याने उपचारांवर ताण येतो, म्हणून आठवड्यातले काही तास ठरवून घराबाहेर काढणे हा चैनीचा भाग समजू नका. भीती उसळली तर तळपाय जमिनीवर घट्ट टेकवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावा आणि समोरच्या पाच वस्तूंची नावे मनात घ्या. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते, आणि वस्तूंच्या नावांमुळे आपण आज, या स्वयंपाकघरात आहोत हे मेंदूला कळते. हा उपचार नव्हे, उपचारापर्यंत पोहोचेपर्यंतचा आधार आहे.

आणि मुलीला उत्तर द्या. तिच्या वयाला पेलेल इतकेच, पण खरे. मुलांना कारण सांगितले नाही, तर ती बहुधा स्वतःलाच कारण समजतात.

जुने ठाणेकर | बुधवार, रात्री ८.२०

पारसिक यांचे वाचल्यावर तीन दिवसांपूर्वीचे माझे एक वाक्य मागे घेतो. ‘आरोपीचा पिंजरा’ हा शब्द चुकला. ताईंनी कोणावरही आरोप केलेला नव्हता, त्यांनी स्वतःच्या शरीरात काय होते ते सांगितले होते. माझे बाकीचे मत कायम आहे. माझ्या धाकट्या बहिणीला आज फोन केला. आमच्या वडिलांविषयी ती ५० वर्षांत कधी बोलली नव्हती. आज तासभर बोलली.

ओसरी (ऐरोली) | साडेचार महिन्यांनंतर, रविवार, दुपारी ४.१०

धागा वर काढते आहे. बऱ्याच जणांनी खासगी संदेशात विचारपूस केली, म्हणून एकत्र लिहिते.

ठाण्यात एका तज्ज्ञांकडे दर बुधवारी संध्याकाळी जाते, आतापर्यंत १३ भेटी झाल्या. पहिला दीड महिना आठवणींना हातही लावला नाही. झोप, श्वास आणि दिनक्रम यांवरच काम केले. मला तेव्हा वेळ वाया जातो आहे असे वाटले होते, आता वाटत नाही. त्यानंतर डोळ्यांच्या हालचालींची जी पद्धत फ्रान्सीन शापिरो यांनी १९८९ मध्ये मांडली, तिने एकेक प्रसंग घेतो आहोत. आठवण मनात धरायची आणि समोरच्या हलत्या बोटांकडे नजरेने पाहत राहायचे, मग थांबून जे सुचेल ते सांगायचे. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत असे बाईंनी मला आधीच सांगितले होते, आणि त्यांनी ते लपवले नाही म्हणून माझा विश्वास बसला. मधले तीन आठवडे फार कठीण गेले. रात्री चाळीची स्वप्ने पडत. त्या काळात दोनदा १४४१६ वर फोन केला.

मुलीला सांगितले की मी लहान होते तेव्हा आजोबा फार मोठ्याने ओरडायचे, माझ्या अंगाला ते अजून आठवते, त्यात तुझी किंवा बाबांची चूक नाही आणि मी त्यावर उपाय करते आहे. तिने विचारले, ‘आता आजोबा ओरडतात का?’ मी नाही म्हटले. ती म्हणाली, ‘त्यांना तर ओरडताच येत नाही.’ मग ती खेळायला गेली. मी मात्र बराच वेळ तिथेच बसून होते. यजमानांनी फोनवर बोलताना गॅलरीत जायला सुरुवात केली आहे. मी त्यांना तसे कधी सांगितले नव्हते.

अण्णांना मी क्षमा केलेली नाही. तो विषय मी सध्या ठेवून दिला आहे. गेल्या मंगळवारी ते आपणहून उठून काठीच्या आधाराने न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावायला लागले. हात थरथरत असल्यामुळे कडी पुन्हा पुन्हा आपटत होती. मी भाजी चिरत होते. चार, पाच, सहा असे मी मोजते आहे हे माझ्या लक्षात आले, तेव्हा सुरी हातातच होती आणि खांदे खाली होते. कडी लागेना, तेव्हा मी बाहेरून म्हटले, ‘अण्णा, उघडीच राहू द्या, मी इथेच आहे.’ दुसऱ्या दिवशी ती कडी काढून घेतली, कारण ते आत पडले तर दार उघडता येणार नाही.

बुधवारी मी ठाण्याला जाते तेव्हा अण्णांजवळ ब्युरोमार्फत एक मावशी येतात. त्या पुढचे दोन महिने गावी जाणार आहेत. ऐरोलीत, शक्यतो सेक्टर आठच्या आसपास, बुधवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ थांबू शकतील आणि पार्किन्सनच्या रुग्णाला हाताला धरून चालवण्याची सवय असेल अशा कोणी मावशी माहीत असल्यास कृपया मला खासगी संदेशात कळवा.